जिथं नख अडते

तुझ्या मातीले दत्तू आला होता. आदिलाबादहून पोराच्या गाडीत बसून आला, दोन्ही गुडघे हातानं धरून उतरला अन् तुले खांदा दिला. पाच-सहा पावलंच दिला, पण दिला. मी पाह्यलं. मले तेव्हा बरं वाटलं. म्हणलं, एका उस्तादच्या हाताखाली घड्याळ दुरुस्तीची घडीसाजी शिकलेलो आमी दोघं, म्हातारपणी दुखऱ्या पायानं आला बिचारा. त्याचा हात हातात धरून मी रडलो.

आज तो हात मोडावा वाटते. त्याचा एक, अन् त्याले धरणारा माझा एक.

तुले जाऊन सव्वीस दिवस झाले. तेरवी झाली. लेक सासरी गेली. जाता जाता म्हणली, बाबा, चला माझ्या घरी. मी म्हणलं, मले एक काम हाय. तेव्हा काम काईच नव्हतं, नुसतं घर सोडवत नव्हतं. काम मागून आलं. तेच सांगायले बसलो. मी चौथी पास माणूस, तू तर शाळेचा उंबराही पाह्यला नाही. तरी माझ्या चुका तूच काढायची, म्हणून तुलेच लिहून राह्यलो. दुसऱ्या कोणाले वाचायचं असंल तर त्यानंही वाचावं. माझी काई हरकत नाही.

तू पह्यल्यांदा चूक काढली तो दिवस मले आठवते. बोथच्या बाजारात आपली टपरी, समोर काच, काचेमागं मी, डोळ्याले भिंग. लग्नाले दोन-तीन वर्षं झाली असतील. तू डबा घेऊन आली. माझ्या चिमट्यात एका मनगटी घड्याळाचं मधलं चाक होतं. त्या चाकाच्या दांडीची दोन टोकं पितळेच्या भोकात फिरतात, टाचणीच्या अणीहून थोडी जाड. टोक खरबरीत झालं की घासते, घड्याळ मागं पडते अन् एक दिवस उभं राहते. मी ते टोक घासूनपुसून आरशासारखं केलं होतं. नव्या बायकोपुढं मोठेपणा करावा म्हणून म्हणलं, पाहा वं, याच्यात तोंड दिसते.

तू भिंग घेतलंच नाही. चिमटा माझ्या हातून घेतला, डोळे मिटले अन् ते टोक आपल्या नखावरून हळूच ओढलं. मग म्हणली, "इथं अडते वो."

मी म्हणलं, काईही सांगू नको, चमकून राह्यलं ते.

"चमकू द्या ना," तू म्हणली. "अडते."

भिंगातून पाह्यलं, काई नाही. उजेड आडवा घेऊन पाह्यलं तेव्हा दिसली. एक रेघ, टोकाच्या भोवती गोल फिरलेली. कोळ्याच्या जाळ्याचा धागा तिच्यापुढं दोरखंड वाटला असता. डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी बाजूला एक पाट टाकला.

तुले हे कुठून आलं, ते मी मग विचारलं. तू म्हणली, माहेरी जात्यापासून. जातं फार फिरलं की आतून गुळगुळीत होते, मग दाणा चिरडत नाही, नुसता सरकते. तेव्हा छिन्नीनं टाकी लावून त्याले पुन्हा खरबरीत करावं लागते. बाजारहत्नूरच्या तुझ्या घरात जात्याची खर कुठं राह्यली अन् कुठं गेली हे पाहायचं काम तुझं होतं, लहानपणापासून. तू तळहात फिरवून सांगायची. दगडावर शिकलेला हात पोलादावर चालला. मी उस्तादजवळ सात वर्षं झाडू मारून जे शिकलो नाही, ते तू तुझ्या आईच्या जात्याजवळ शिकून आली होती.

मग आपुन दोघं बसायले लागलो. उघडायचं मी, जोडायचं मी, पण टोकं घोटायची तू. तुझी ती घोटणी, बोटभर पोलादाची पट्टी, तेलाचा थेंब लावून टोकावर दाबून फिरवायची. घोटणी धातू कापत नाही, दाबून बसवते. वेळ लागते, खांदा दुखते. ज्याले घाई असते तो पॉलिश कागद लावते. कागदाले दगडाची पूड असते, दोन मिनिटात चकाकी येते अन् गिऱ्हाईक खूश. तू तो कागद दुकानात ठेवू दिला नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तू वाढवलं होतं, तेवढं एकच, बाकी सगळी कापायची. भाकरी थापताना ते नख तू वर धरायची. बाया हसायच्या तुले.

आपला वाद आठवते काय? मी म्हणायचो टोक आरसा झालं पाहिजे, उस्तादनं हेच शिकवलं. तू म्हणायची, आरसा करू नका, थोडी खर ठेवा, एकदम बारीक, नखाले न कळणारी. सगळंच गुळगुळीत केलं तर तेल कुठं थांबंल? मी म्हणायचो, नखाले कळत नाही तर तुले कशी कळते? तू म्हणायची, तेलाले कळते. मी उस्तादचं नाव घेतलं की तू म्हणायची, उस्तादनं कधी भाकरीचा तवा घासला नसंल. वर्षानुवर्षं हा वाद चालला. गिऱ्हाईकं आपल्या घड्याळाचं विचारायचं सोडून आपला वाद ऐकायची. तो मिटला नाही. मिटायच्या आधीच मी तुले उठवलं.

आता दस्तूर सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. उस्ताद आमाले पह्यल्या दिवशी सांगायचा, जो खोलेगा वो निशान छोडेगा. घड्याळ ज्यानं उघडलं त्यानं ढक्कनाच्या आतून सुईनं आपली खूण कोरायची, पुढं महिना अन् साल. म्हणजे पुढच्या माणसाले कळते, याच्या आधी कोणाचा हात लागला. खूण न करता ढक्कन लावलं तर उस्ताद मनगटावर पट्टी मारायचा. माझी खूण शामरावचा श. दत्तूची त्रिकोण. तुले लिहिता येत नव्हतं, तू तीन टिंबं घेतली. चुलीचे तीन दगड म्हणून. ज्या घड्याळाची टोकं तू घोटली, त्यात तुझी तीन टिंबं अन् त्याच्याबाजूला माझा श.

दत्तूनं आदिलाबादले शोरूम टाकलं. उस्तादच्या शिष्यांत तोच वर गेला. चावीच्या घड्याळाचं जड काम तो आपल्याकडं पाठवायचा, त्यावर आपली चूल चालायची. महिन्यात एकदा यायचा, तुझ्या हातचं पिठलं खायचा, वैनी वैनी करायचा. एकदा आपल्याच टपरीत चार गिऱ्हाईकांसमोर त्यानं खिशातून एक चाक काढलं, स्वतः केलेलं, अन् म्हणला, शाम्या, असं काम तुझ्या बापानं केलं काय? मी पाह्यलं, खरंच चकचकीत होतं. तू पाटावरून हात लांब केला. नखावरून ओढलं अन् म्हणली, "भाऊजी, अडते."

लोक हसले. बाजूचा लक्ष्मण शिंपी कात्री थांबवून म्हणला, दत्तूशेठ, शोरूमले कुलूप लावा अन् वैनीजवळ पाट टाका. सगळ्यात जास्त दत्तूच हसला. इतका हसला की ठसका लागला अन् तूच त्याले पाणी दिलं. मी मूर्ख, मले वाटलं मोठ्या मनाचा माणूस.

त्याच्या पुढच्या वर्षी बाजारहत्नूरच्या गुरुजीचं घड्याळ आलं. त्याच्या थोरल्या भावाचं घड्याळ, भाऊ वारलेला. गुरुजी म्हणले, हे बंद पडू देऊ नका, भाऊ पह्यल्या पगारात घेऊन आला होता. तू त्या मधल्या चाकावर एक अख्खी दुपार बसली. एप्रिल महिना होता, पत्रा तापलेला, तुझ्या कपाळाचा घाम पुसायले मी बाजूला बसलो होतो. तू खूण केली, मी महिना टाकला, गुरुजी घेऊन गेले.

ऑगस्टात, पोळ्याच्या आठवड्यात, दत्तू आला. बाजाराचा दिवस. आल्याबरोबर त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून काचेवर उघडली. आत ते चाक. म्हणला, गुरुजीचं घड्याळ बंद पडलं म्हणून माझ्याकडं आलं. मी आज पह्यल्यांदाच उघडलं, अन् आत हे. गुरुजी रडून राह्यले. भिंग लाव अन् पाहा.

मी पाह्यलं. टोक कापल्यासारखं झालं होतं, गोल गोल रेघा, अर्धं खाल्लेलं. असं घोटणीनं होत नाही. असं कागदानं होते.

"बाईच्या हाती काम दिलं की असं होते," दत्तू म्हणला. हळू नाही म्हणला. शिंप्यानं ऐकलं, कासारणीनं ऐकलं, भाजी घ्यायले आलेल्या लोकाइनं ऐकलं. "गिऱ्हाईक मले विचारते, कोणाजवळ पाठवता तुमी. मी आता काय सांगू?"

त्याचं काम बंद झालं तर काय, हेच माझ्या डोक्यात आलं. दुसरं काईच आलं नाही. घड्याळ कुठं आहे हे मी विचारलं नाही. ढक्कन दाखव म्हणलं नाही. अन् तुझ्याकडं वळून, सगळ्यांसमोर, मी म्हणलं, "ऊठ. आजपासून घड्याळाले हात लावू नको."

तू माझ्याकडं पाह्यलं. काई बोलली नाही. घोटणी पुसून डब्बीत ठेवली, साडी झटकली अन् गेली. मले वाटलं, बोलत नाही म्हणजे चूक कबूल आहे. माणूस असा असते पाहा. समोरचा गप्प राह्यला की त्याच्या गप्पपणात आपल्याले पाहिजे ते भरून घेते.

दुसऱ्या दिवशी तू भाकरी वाढली तेव्हा माझं लक्ष तुझ्या अंगठ्यावर गेलं. नख कापलेलं होतं. एकदम बुडापर्यंत, लाल दिसत होतं. मी जेवलो. हात धुतला. दुकानात गेलो.

त्याच्यानंतर वीस वर्षं. तू घरामागं वांगी लावली, मेथी लावली, बाजारात बसून विकली. डबा आणून द्यायची पण काचेच्या आत कधी वाकली नाही. चावीची घड्याळं कमी झाली, बॅटरीची आली, मग मोबाईल आले. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा मी एकदा म्हणलं, जरा हे टोक पाहून दे ना, अडते का. तू भाजीची जुडी बांधून राह्यली होती. मान वर न करता म्हणली, "माझं नख आता मेथी खुडते."

मी पुन्हा कधी म्हणलं नाही. तुले राग आहे एवढं कळलं. राग खरा आहे हे कळलं नाही.

तुझ्या तेरवीनंतर दोन दिवसांनी गुरुजी आले. आता काठी धरून चालतात. जयभीम करून बसले अन् खिशातून तेच घड्याळ काढलं. म्हणले, दत्तूशेठनं चाक बदलल्यावर थोड्याच महिन्यांत पुन्हा बंद पडलं, तेव्हापासून पेटीत पडून होतं. बाई गेल्या हे ऐकून आलो अन् हे काम घेऊन आलो, वाईट दिसते, पण दुसरा घडीसाज आता उरला कुठं. मले राग आला. म्हणलं याच घड्याळानं माझी बायको उठवली, अन् हा माणूस तेच घेऊन तिच्या तेरवीवर आला. पण हात आपोआप गेले. ढक्कन उघडलं.

तुझी तीन टिंबं. माझा श. एप्रिल.

त्याच्या खाली त्रिकोण, ऑगस्ट. हा असायलेच पाहिजे, दत्तूनं चाक बदललं तेव्हाचा.

अन् दोघांच्या मधात, बारीक, अजून एक त्रिकोण, त्याच सालचा. जुलै.

मी भिंग पुसलं. पुन्हा पाह्यलं. मग गुरुजीले विचारलं, ऑगस्टच्या आधी तुमी हे दत्तूकडं नेलं होतं काय? गुरुजीले आठवायले वेळ लागला नाही. म्हणले, हो, पाऊस सुरू झाला तेव्हा काच तडकली होती, आदिलाबादले ऑफिसचं काम होतं म्हणून तिथंच टाकली. दत्तूशेठ म्हणले, काचेसंगं साफही करून देतो. महिनाभर चाललं अन् मग बंद पडलं.

बसलो मी. गुरुजी विचारून राह्यले काय झालं. तोंडानं खोटं बोलला दत्तू, पण हात खोटं बोलला नाही. जुलैत ढक्कन लावताना त्यानं सवयीनं सुई उचलली अन् खूण कोरली. उस्तादची पट्टी इतकी खोल बसली होती की चोरी करतानाही तो सही करून गेला. अन् मी वीस वर्षं ते ढक्कन पाह्यलं नाही, कारण त्यानं पुडी दाखवली अन् मी पुडीवर विश्वास ठेवला.

मग मी घड्याळ पूर्ण खोललं. मधल्या चाकाचं पितळेचं भोक भिंगाखाली धरलं. आडव्या उजेडात आत कण चमकले, अजूनही, इतक्या वर्षांनी. कागदाची पूड पितळेत रुतून बसते, अन् बसली की निघत नाही. लोकाइले वाटते पितळ मऊ आहे तर पितळच झिजंल. तसं होत नाही. मऊ पितळ दगडाचे कण आपल्या अंगात धरून ठेवते अन् फिरणाऱ्या कडक पोलादाले खाते. पितळ जागच्या जागी राहते, पोलाद जाते. दत्तूनं टाकलेली पूड मी वीस वर्षं अशीच अंगात धरली होती, अन् घासली गेली तू.

गुरुजीले सगळं सांगतलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणले, मीही लोकाइले सांगतलं होतं, बाईच्या हातून बिघडलं म्हणून. मी म्हणलं, हे ढक्कन मले दोन दिवस द्या. ते म्हणले, घड्याळच ठेवा, मी संगं येऊ काय? मी म्हणलं, नको. ज्याचं त्याले बोलू द्या.

आदिलाबादच्या बसमध्ये बसून मी काय काय ठरवलं, ते लिहिलं तर पोलीस येतील. त्याच्या शोरूममधल्या एका एका घड्याळात मूठ मूठ पूड भरावी वाटली. पण तिथं गेल्यावर पाह्यलं, आत खाण्यासारखं आहे काय? सगळी बॅटरीची, प्लास्टिकची चाकं, बिघडली की फेकायची. सूड घ्यायलेही कडक वस्तू लागते.

दत्तूचा पोरगा एका बाईले जावयासाठी घड्याळ दाखवून राह्यला होता, तेलुगूत. मले पाहून उठला, काका या, बसा म्हणला. दत्तू आतल्या दाराजवळ गादीच्या खुर्चीत बसला होता. म्हणला, शाम्या, तुले अजून बसमध्ये चढता येते? मले तर संडासले जायले पोरगा लागते. मी हसलो नाही. ढक्कन काचेवर उलटं ठेवलं, बाजूला भिंग ठेवलं.

त्यानं भिंग घेतलं नाही. दुरूनच ओळखलं. चेहऱ्यावरून कळलं मले.

मी त्याच्या पोराले म्हणलं, तू वाच. पोरानं भिंग लावून वाचलं, तीन टिंबं, श, एप्रिल. त्रिकोण, जुलै. त्रिकोण, ऑगस्ट. मग निरागसपणे म्हणला, बाबा, त्रिकोण तर तुमचीच खूण ना?

"गिऱ्हाईक हाय, शाम्या," दत्तू म्हणला.

"तेव्हाही होते," मी म्हणलं. "मोठ्यानं बोल."

ती बाई घड्याळ हातात धरून उभी राह्यली. गेली नाही. दत्तूनं आपले दोन्ही गुडघे हातानं धरले. मग बोलला. म्हणला, जुलैत उघडलं तेव्हा वैनीचं टोक पाह्यलं. आरशासारखं नव्हतं, बारीक खर ठेवलेली होती. मले वाटलं, चार लोकांत मले अडते म्हणणारीचं हे काम? मी चमकवून दाखवतो. घाई होती. कागद लावला. महिन्यानं गुरुजी घड्याळ घेऊन उभे राह्यले तेव्हा मले माझंच नाव वाचवायचं होतं.

मी म्हणलं, पूर्ण बोल.

"वैनीचा काई दोष नव्हता," तो म्हणला. "तिनं बरोबर केलं होतं. मी बिघडवलं."

तुझी खर बरोबर होती की माझा आरसा, ते घड्याळ तुझ्या खरीवर किती वर्षं चाललं असतं, हे आता कोणालेच कळणार नाही. एवढा मोठा वाद, अन् त्याची परीक्षा त्यानं तीन महिन्यांत मोडून टाकली. याचाही मले राग आहे.

मी म्हणलं, इथं बोलून भागणार नाही. बोथले ये. बाजाराच्या दिवशी. ज्याइनं तेव्हा ऐकलं त्याइले पुन्हा सांग. त्याचा पोरगा मधात पडला, काका, बाबांची तब्येत. मी म्हणलं, माझ्या बायकोले खांदा द्यायले आला तेव्हा तब्येत होती. दत्तूनं हात वर करून त्याले थांबवलं अन् मले म्हणला, येतो. मी ढक्कन उचललं, दारापर्यंत आलो, तेव्हा मागून त्याचा आवाज आला. चिडून नाही. थकून.

"शाम्या, मी एक पुडी दाखवली. ऊठ कोण म्हणलं?"

परतीच्या बसमध्ये मी खिडकीची दांडी धरून बसलो अन् तेच ऐकत आलो. मले त्याच्या नरड्यावर पाय द्यायचा होता अन् त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या माझ्यावर दिला. अन् त्याले खोटं पाडता येत नव्हतं. खोटा माणूस खरं बोलला की सगळ्यात जास्त लागते.

बाजाराच्या दिवशी तो आला. पोराचा हात धरून टपरीसमोर उभा राह्यला. मी त्याले बसायले दिलं नाही. लक्ष्मण शिंपी आता म्हातारा झाला, मशीन नातू चालवते, पण तो होता. कासारीण चंद्रकलाबाई होती, बांगड्यांची पेटी मांडून. जुने आणखी चार-पाच जण होते, त्याइले मी सकाळीच बोलावून ठेवलं होतं. दत्तूनं सगळं सांगतलं, जुलैचं, कागदाचं, पुडीचं. मी पाहत राह्यलो. मले दया नाही आली. यावी असं वाटलंही नाही.

सांगून झालं तेव्हा शिंपी म्हणला, चला, वैनीचं नाव साफ झालं, आता दोघं चहा घ्या. लोक हलायले लागले. मी म्हणलं, थांबा. कागद यानं लावला. पण तिले उठवलं मी. तिनं काय केलं हे मी पाह्यलं नाही, विचारलं नाही, तुमच्यासमोर ऊठ म्हणलं. हेही ऐकून जा.

मग चंद्रकलाबाई बोलली. बांगड्या पुसता पुसता, माझ्याकडं न पाहता. म्हणली, "भाऊ, ती एकच गोष्ट बोलायची माझ्याजवळ. म्हणायची, याइनं मले नुसतं विचारलं असतं, तू कागद लावला काय, तर मी नाही म्हणलं असतं. विचारलंच नाही."

वीस वर्षं तू त्या एका प्रश्नाची वाट पाहून राह्यली होती. सकाळी चहा देताना, रात्री अंथरूण टाकताना, मोतीबिंदूच्या दवाखान्यात माझा हात धरून बसली होती तेव्हाही. अन् मी तुले मीठ कमी आहे, पाणी तापव, एवढंच सांगत राह्यलो. प्रश्न चार शब्दांचा होता. माझं तोंड उघडलं नाही.

दत्तू गाडीत बसून गेला. मी त्याले पाणीही विचारलं नाही. लोक पांगले. शिंपी माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. म्हणला, शामराव, मनाले लावून घेऊ नका. बायामाणसाचं मन मोठं असते. तिनं तुमाले केव्हाच माफ केलं असंल.

मी त्याचा हात खाली काढला. म्हणलं, नाही केलं. तिनं मले तसं सांगतलं नाही, अन् तिच्या वतीनं तुमी कोणी सांगू नका. एकदा तिच्या वतीनं मीच चूक कबूल करून टाकली होती, तेवढं पुरं झालं.

दत्तूले मी माफ केलं नाही. तू मले करू नको.